पिरान्हा म्हणून आणलेला रूपचंद

कुर्ला पश्चिमेस रविवारी सकाळी शोभेच्या माशांचा बाजार भरतो. थर्माकोलची मोठमोठी खोकी उघडली जातात, त्यांतून हवेने फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या निघतात आणि प्रत्येक पिशवीत सोनेरी, निळे, काळे, पट्टेरी मासे गिरक्या घेत असतात. बँकेच्या सेवेतील अखेरची सहा वर्षे मी कुर्ल्याच्या शाखेत काढली. या धंद्यातील दोन-तीन खातेदारांची कॅश क्रेडिटची खाती तेव्हा माझ्या टेबलावर होती. त्यामुळे हा व्यापार मला आकड्यांत ठाऊक होता. माल कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतो, वाटेत काही दगावतो आणि ती मरतूक जमेस धरूनच भाव काढावा लागतो. 'मरतूक' हा शब्द मी त्यांच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये अनेकदा वाचला असेल. तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मासा कधी आला नाही, टक्केवारी आली.

निवृत्तीनंतर, साधारण चार वर्षांपूर्वी, नातवाचा हात धरून मी याच बाजारात गेलो. नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने कुठल्याशा चित्रफितीत पिरान्हा पाहिला होता आणि त्याला दुसरा कोणताही मासा नको होता. एका विक्रेत्याने लगेच पिशवी पुढे केली. आत रुपयाच्या नाण्याएवढे तीन मासे होते. अंग चंदेरी, छाती केशरी-लाल. "काका, रेड बेली पिरान्हा. एकदम ओरिजिनल," तो म्हणाला. तिन्हींचे मिळून साडेचारशे रुपये मी मोजले. वर दोन फुटी काचेची टाकी, एअर पंप आणि रंगीत खडे घेतले. नातवंडाच्या हट्टापुढे आजोबांचा हिशेब कच्चा असतो, हे वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल.

पूल ओलांडून आम्ही पूर्वेला घरी आलो. सौभाग्यवतींनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "हे खाणार काय?"

कर्जाचा अर्ज हाती आला की परतफेड कशातून होणार, हे आधी विचारायचे, अशी छत्तीस वर्षांची शिस्त मला होती. त्या दिवशी तो प्रश्न मी विचारला नव्हता. तो घरातून आला.

नावाची दहशत

पिरान्हा हा दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा. ॲमेझॉन, पॅराग्वे, पाराना या नद्यांची खोरी हे त्याचे घर. नाव तेथील मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून आलेले असून त्या भाषेत 'पिरा' म्हणजे मासा. या नावाभोवती जी दहशत जमली, तिचा बराच वाटा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे जातो. १९१३-१४ साली ते ब्राझीलच्या अरण्यात मोहिमेवर गेले आणि परतल्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या माशाचे वर्णन जगातील सर्वांत हिंस्र मासा असे केले. पुढे १९७८ साली 'पिरान्हा' याच नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला. पाण्यात पडलेल्या माणसाचा क्षणात सांगाडा करणारा राक्षस, ही प्रतिमा तेव्हापासून घरोघरी पोहोचली.

अभ्यासकांनी पाहिलेला पिरान्हा याहून पुष्कळ साधा आहे. लाल पोटाचा पिरान्हा पूर्ण वाढला तरी साधारण एक फुटाचा होतो. तो लहान मासे, किडे आणि मेलेली जनावरे खातो, प्रसंगी वनस्पतीही खातो. तो थव्याने राहतो हे खरे, परंतु थवा करण्यामागे शिकारीपेक्षा स्वसंरक्षणाची गरज अधिक असते, असे संशोधनातून दिसून आले आहे. मगरीच्या कुळातील केमन, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे हे त्याचे शत्रू. एकटा पडला की तो बिथरतो. माणसाला चावे बसल्याच्या घटना आहेत, पण त्या बहुधा पाणी आटून मासे दाटीने अडकलेल्या दिवसांतल्या किंवा अंड्यांची राखण करीत असतानाच्या. थोडक्यात, पिरान्हा भित्रा आहे आणि त्याचे दात धारदार आहेत.

घरच्या टाकीत याचे दोन अर्थ होतात. त्याला एकट्याने ठेवणे ही त्याला शिक्षा आणि चार-पाच एकत्र ठेवायचे तर टाकी मोठी हवी. जागा आणि खाद्य कमी पडले की ते एकमेकांचे कल्ले, शेपट्या कुरतडतात. अमेरिकेतील अनेक राज्यांनी पिरान्हा पाळण्यावर बंदी घातली आहे. हौसेने आणलेला मासा उद्या स्थानिक नदीत सोडला गेला तर काय, ही धास्ती त्या बंदीमागे आहे.

दातांवरून ओळख

आमच्या इमारतीत मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. नातवाने त्यांना मोठ्या अभिमानाने पिरान्हा पाहायला बोलावले. त्यांनी चष्मा सरसावून काचेतून पाहिले, एकाला जाळीत घेऊन त्याचा जबडा न्याहाळला आणि हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही फसलात. हा पिरान्हा नव्हे, हा रूपचंद आहे."

रूपचंद हे आपल्याकडील मासळी बाजारातले नाव. शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस, इंग्रजीत पाकू. हाही दक्षिण अमेरिकेचाच, पिरान्हाचा चुलत भाऊ म्हणावा असा. या शतकाच्या आरंभी तो बांगलादेशमार्गे, रीतसर परवानगीविना भारतात आला आणि पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेशातील तळ्यांतून त्याची शेती सुरू झाली. तळ्यात तो वर्षाच्या आत किलोभर भरतो. रूपचंदाची पिले दिसायला हुबेहूब पिरान्हाच्या पिलांसारखी, तशीच लाल छातीची असतात. म्हणून खाण्यासाठी वाढवायचा मासा शोभेच्या दुकानात नाव बदलून 'पिरान्हा' होतो आणि त्याची किंमतही बदलते.

फरक दातांत असतो. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, वरखालचे एकमेकांत करवतीसारखे अडकणारे, आणि खालचा जबडा पुढे आलेला. रूपचंदाचे दात बोथट, चौकोनी, थेट माणसाच्या दाढांसारखे. प्रथम पाहणारा दचकतोच.

आपण बहुतेक वाचक व्यापारी कुटुंबांतले आहोत. बरणीवर एक नाव आणि आत दुसरा माल, याला आपल्या पेढीवर काय म्हणतात ते सांगायला नको. परंतु त्या विक्रेत्यावर मी फार रागावू शकलो नाही. माल पारखून घेण्याची जबाबदारी ग्राहकावरही असते, आणि मी तर नाव ऐकून पैसे मोजले होते.

'हे खाणार काय?'

सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र या फसवणुकीतून अनपेक्षित निघाले. पावसाळ्यात ॲमेझॉनच्या नद्या पात्राबाहेर पडून रानात पसरतात. तेव्हा रूपचंदाचे भाईबंद झाडांमधून पोहत वरून पडणारी फळे आणि बिया खातात. कठीण कवचाची बी फोडायची म्हणून ते दाढांसारखे दात. न चावता गिळलेल्या बिया ते दूरवर नेऊन टाकतात आणि तेथे नवी झाडे उगवतात. रान पेरणारा मासा आहे हा!

हे ऐकल्यावर आमच्या घरात जे समाधान पसरले त्याचे वर्णन काय करावे? काकडीच्या चकत्या, वाफवलेला पालक, सोललेले मटार, केळ्याचे बारीक तुकडे असे ताट टाकीत जाऊ लागले. नातवाचा थोडा हिरमोड झाला, पण आजीचा विरोध मावळला.

आनंद पुरता टिकला नाही. रूपचंद सर्वस्वी शाकाहारी नाही. लहानपणी तो पाण्यातले किडे आणि सूक्ष्म जीवही खातो आणि वाढीसाठी त्याला प्रथिने लागतात. चिरंजीवांनी बाजारातून गोळीखाद्याचा डबा आणला. सूनबाईंनी सवयीने मागचे लेबल वाचले. घटकांत पहिलाच शब्द होता 'फिशमील', म्हणजे वाळवलेल्या माशांची भुकटी. बाजारातल्या बहुतेक गोळीखाद्यांत ती असते. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका तपासतो, पण माशाच्या डब्याचे लेबल कितीजण वाचत असतील?

पर्युषण तोंडावर होते. घरात तीन दिवस या डब्यावर चर्चा चालली. माशाला त्याचे नैसर्गिक अन्न देणे यात आपला दोष कोणता, असा चिरंजीवांचा मुद्दा. रानात तो काय खातो हा त्याचा प्रश्न, पण डबा आपण विकत आणतो हा आपला, असे सौभाग्यवतींचे उत्तर. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि मान्यता दिलेले, हे तिन्ही एकाच खात्यात पडते, हे आपण पाठशाळेपासून ऐकत आलो आहोत. अखेर वाट पुन्हा शेजारच्या गृहस्थांनीच दाखवली. तळ्यांत रूपचंदाला शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालतात, हे त्यांनी सांगितले. धान्यबाजारातल्या एका जुन्या खातेदाराकडून पेंड आली. भिजवून शिजवलेले सोयाबीन आणि पेंड यांच्या गोळ्या सौभाग्यवती करू लागल्या. मासा त्या खातो आणि वाढतो.

तरीही एक विचार मनातून जात नाही. विक्रेता खरे बोलला असता, मासे खरोखर पिरान्हा निघाले असते, तर? मग दर आठवड्याला कोळंबी किंवा माशाचे तुकडे घरात येणार होते, नाहीतर तो जीव उपाशी मरणार होता. पिरान्हा पाळणारे काही हौशी लोक टाकीत जिवंत गोल्डफिश सोडतात आणि पाहुण्यांना तो देखावा दाखवतात. आपल्याकडील एखाद्या मुलाने तसे केले नाही तरी मोबाइलवर ते पाहिलेले असतेच. आम्ही या प्रसंगातून वाचलो ते विवेकामुळे नव्हे. विक्रेत्याच्या लबाडीने वाचलो.

माझ्या हातची मरतूक

आता जे लिहायचे ते लिहिताना हात जड होतो. मासे आणून सहा आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी सूनबाईंच्या माहेरची मंडळी यायची होती. टाकीचे पाणी थोडे गढूळ दिसत होते. घर स्वच्छ, तर टाकीही स्वच्छ हवी, म्हणून मी मासे बादलीत काढले, सगळे पाणी ओतून दिले, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, टाकी काठोकाठ नळाच्या पाण्याने भरली आणि मासे परत सोडले. पाणी काचेसारखे नितळ दिसत होते. मी स्वतःवर खूश होतो.

सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते.

शेजाऱ्यांनी कारण समजावून दिले. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते आणि ते माशांच्या कल्ल्यांना भाजते. त्याहून मोठी गोष्ट न दिसणारी आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती नुकती बसू लागलेली वस्तीच धुऊन टाकली होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर चालू धंद्यातले खेळते भांडवल एका दिवसात काढून घेतले. दुकान वरून चकचकीत, आतून बुडालेले.

खरी पद्धत साधी आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे औषध त्यात घालावे. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळावा. आणि नवी टाकी महिनाभर चालवून मगच तीत एकेक मासा सोडावा. हे एका कागदावर मावते. मी तो कागद मागितला नव्हता.

नातू रडला नाही. शाळेत जाताना एवढेच म्हणाला, "आजोबा, तुम्हाला कोणी सांगितले नव्हते का?"

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे गाफीलपणावर, बोट ठेवले आहे. वर्षानुवर्षे तो भाग ऐकताना मला वाटे की गाफीलपणा म्हणजे कठोर मनाच्या माणसांचा दोष. त्या सकाळी कळले की तो प्रेमळ, हौशी आणि टापटिपीच्या माणसाचाही असू शकतो. तीनांपैकी दोन मासे गेले होते. सहासष्ट टक्क्यांवर मरतूक! आयुष्यात प्रथमच त्या शब्दामागे मासा दिसला.

टाकी लहान पडते तेव्हा

उरलेला एक जगला आणि वाढू लागला. सहा महिन्यांत तळहाताएवढा झाला. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशा टाकीत सुमारे सत्तावन्न लिटर पाणी मावते. त्यात तो वळताना शेपटी काचेवर आपटू लागली. रूपचंद निसर्गात अडीच फुटांपलीकडे जातो आणि त्याचे वजन वीस किलोहूनही अधिक भरू शकते. टाकीत तो तेवढा होत नाही, पण फूट-दीड फूट सहज होतो. पंधरा-वीस वर्षे जगतो. माझ्याकडे येणाऱ्या गृहकर्जांची मुदत साधारण तेवढीच असे.

आम्ही चार फुटी टाकी घेतली. दीड फूट रुंदी, दीड फूट उंची, म्हणजे अडीचशे लिटरहून अधिक पाणी. पाण्याचे वजनच अडीचशे किलो, काच आणि खडे वेगळे. जुन्या इमारतीतल्या खोलीत ती भिंतीलगत, तुळईच्या रेषेत ठेवावी लागली. टाकी, लोखंडी स्टँड आणि मोठा फिल्टर यांचा खर्च माशांच्या किमतीच्या कित्येक पट झाला. साडेचारशे रुपयांच्या खरेदीने घरावर केवढा बोजा टाकला!

ती टाकी घेण्यापूर्वी एक दिवस असा आला, की जो मी येथे लपवून ठेवू नये. दुकानदार मासा परत घ्यायला तयार नव्हता. "बाजारात द्या, खाणारा घेईल," एवढाच त्याचा सल्ला. मुंबईत १८३४ साली भुलेश्वरला सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमिचंद शाह यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. तेव्हापासून म्हाताऱ्या गाई आणि जखमी कबुतरे कोठे न्यायची हे या शहराला ठाऊक आहे, पण रूपचंद तिथे कसा न्यायचा? तेव्हा एका ज्येष्ठ नातेवाइकांनी सहज सुचवले, "पवईच्या तलावात सोडून या. मोकळा होईल बिचारा. अभयदानाचे पुण्यही लागेल."

सल्ला गोड होता. मी झाकणाची बादली काढली, रिक्षाने जायची वेळही ठरवली. सोसायटीच्या फाटकात शेजारचे गृहस्थ भेटले. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले आणि शांतपणे विचारले, "तलावातल्या बाकीच्या जिवांचे अभय कोण देणार?" मी बादली घेऊन परत जिना चढलो.

सोडलेला मासा जातो कोठे?

पवईचा तलाव आणि विहार तलाव भरून वाहू लागले की त्यांच्या पाण्यातून मिठी नदी सुरू होते. ती कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीकडे जाते. कुर्ल्याचे नावच कुर्ल्यांवरून, म्हणजे येथील दलदलीत मुबलक सापडणाऱ्या खेकड्यांवरून पडले, असे सांगतात. आज त्याच नदीचे पाणी पुलावरून पाहवत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठी आमच्या वस्त्यांत शिरली. अशा पुरात तळमजल्यावरची टाकी बुडाली की तीतला मासा थेट नदीत जातो. तलावात 'मुक्त' केलेला मासाही अशाच एखाद्या पावसाळ्यात वाहत आमच्या कुर्ल्यातच येणार. घाण पाण्यात गुदमरून मेला तर ती त्याची हत्या. तगला तर मूळच्या माशांचे अन्न आणि जागा घेणार, म्हणजे ती इतरांची.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घरोघरी टाकीत ठेवला जाणारा सकर मासा मोठा झाला की लोक तो तळ्यात सोडून देतात. तोही दक्षिण अमेरिकेतलाच. आज तो भीमेवरील उजनीच्या जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यांत येतो. अंगावरच्या काटेरी कवचाने तो जाळी फाडतो, काठाला बिळे करतो, आणि बाजारात त्याला कोणी घेत नाही. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हा बंदिस्त तळ्यांत हौसेने वाढवलेले अरापायमा आणि ॲलिगेटर गार यांसारखे परदेशी मासे नद्यांत पोहोचले. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. काश्मीरच्या तलावात हा उत्तर अमेरिकेतला मासा आपल्या पायांनी चालत गेलेला नाही. आफ्रिकन मागूर हा आणखी एक आक्रमक मासा. त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० सालीच बंदी घातली, तरी चोरून चाललेली त्याची तळी शोधून नष्ट करण्याची वेळ महाराष्ट्रात पुढेही आली. ती तळी नष्ट करताना किती जीव गेले असतील, याचा विचार आपण करावा.

वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीतील ६२-अ या कलमाने आक्रमक परदेशी जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचा किंवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. या व्यवसायात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी हे कलम नजरेखालून घालावे.

आपल्या मातीतले अभयदान

माशाला अभय देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर माशांना कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात, तिळसेश्वराच्या मंदिरापाशी, भाविक माशांना दाणे घालतात, जाळे टाकत नाहीत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरचे केंद्र गेली अनेक दशके महसीरची पिले वाढवते आणि ती जलाशयांत, नद्यांत सोडली जातात. तिळशाच्या काठावर मी नातवाला घेऊन गेलो. हातातला दाणा पडताच पाण्यात उसळी मारून येणारे ते काळेसावळे मासे पाहून तो म्हणाला, "हे तर टाकीत मावणारच नाहीत." मी म्हटले, "म्हणूनच त्यांच्यासाठी टाकी नाही, नदी आहे."

जो जीव जेथला आहे तेथे त्याला राहू देणे हे अभयदान. बाजारात विकत घेऊन परक्या पाण्यात सोडणे हे दान नव्हे, आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्यांच्या माथी मारणे आहे. आपण एक जीव 'सोडवण्यासाठी' विकत घेतो तेव्हा विक्रेता पुढच्या रविवारसाठी दोन मागवतो, हे व्यापाऱ्याला वेगळे समजवावे लागू नये.

सही करण्यापूर्वी

मासे पाळूच नयेत असे मी म्हणत नाही. ज्या घरी जीव येणारच आहे, तेथे काही गोष्टी आधी ठरलेल्या बऱ्या. मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो आणि किती वर्षे जगतो, हे विक्रेत्याकडून नव्हे, जाणकाराकडून विचारून घ्यावे. तो काय खातो आणि ते आपल्या घरात चालेल का, हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. खाद्याच्या डब्याचे लेबल वाचावे. टाकी आधी घ्यावी, मासा महिन्यानंतर. ज्याचे नाव घेऊन मुले मित्रांत रुबाब करतात, असा पिरान्हा, अरापायमा, गार यांच्यासारखा मासा घेऊच नये. आणि काहीही झाले तरी टाकीतला मासा नदी, तलाव, विहीर यांत सोडू नये.

बँकेत आम्ही नव्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट सांगत असू. बुडीत कर्ज वसुलीच्या वेळी बुडत नाही, मंजुरीच्या सहीच्या वेळीच ते बुडालेले असते. दयेचेही तसेच आहे. मासा मोठा झाल्यावर, टाकी लहान पडल्यावर, हातात बादली घेतल्यावर दया दाखवायला फार थोडी जागा उरते. ती पिशवी हातात घेण्यापूर्वी दाखवायची असते.

आमचा रूपचंद आता फुटाच्या पुढे गेला आहे. लाल छाती फिकी पडून अंग करडे झाले आहे. पिरान्हाचे सोंग त्याने केव्हाच टाकले. सकाळी सौभाग्यवती काकडी चिरायला बसल्या की तो काचेशी येऊन थांबतो. टाकीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. पाणी केव्हा बदलले, किती बदलले, फिल्टर केव्हा धुतला, याच्या तारखा नातू तीत लिहितो. तो आता तेरा वर्षांचा आहे, मी सदुसष्टचा. या माशाचे आयुष्य पाहता वहीची शेवटची पाने माझ्या डोळ्यांदेखत भरतील असे नाही. मागच्या महिन्यात मी नातवाला तसे बोलून दाखवले. त्याने वही उलटून पाने मोजली आणि म्हणाला, "आजोबा, ही संपली की दुसरी आणू."